अलास्का क्रूझ : बुकिंग उलटीकडून करा

फेब्रुवारी-मार्च आला की अमेरिकेतल्या आपल्या देसी मंडळींमध्ये दोन विषय हमखास सुरू होतात. एक टॅक्स फायलिंग, आणि दुसरा "या उन्हाळ्यात आई-बाबा येतायत, त्यांना कुठे न्यायचं?" नायगारा झाला, ग्रँड कॅन्यन झालं, डिस्ने झालं (तिथे बाबा रांगेतच दमले). मग कुणीतरी म्हणतं, अलास्काची क्रूझ करा! बॅगा एकदाच उघडायच्या, रोज नवं हॉटेल शोधायचं नाही, खाणं-राहणं एकाच पैशात आणि खिडकीतून बर्फाचे डोंगर. आयडिया झकासच आहे. साठीच्या पुढच्या आई-वडिलांना घेऊन इथे करण्यासारख्या ट्रिपांमध्ये माझ्या मते हिचा नंबर पहिला.

माझी तक्रार आहे ती आपण ही ट्रिप बुक कशी करतो याबद्दल. आधी जाहिरातीतला आकडा बघायचा, मग केबिन, मग विमान, मग किनाऱ्यावरच्या टूर्स, आणि निघायच्या आठ-दहा दिवस आधी पासपोर्ट बाहेर काढायचे. हा क्रम बरोबर उलटा पाहिजे. दर खाली-वर होतो, केबिन बदलता येते, विमानाचं तिकीट थोडे पैसे टाकून पुढे-मागे करता येतं. व्हिसा आणि जहाज सुटायची वेळ मात्र कुणासाठी बदलत नाही. जे बदलता येत नाही ते आधी लॉक करायचं, हे आपल्याला प्रोजेक्ट प्लॅनमध्ये चांगलं कळतं. सुट्टीच्या प्लॅनमध्ये मात्र विसरायला होतं.

याचं एक कारण असं की क्रूझबद्दलचा बहुतेक सल्ला अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेला असतो. ज्या बंदरातून निघाली तिथेच परत येणारी क्रूझ असेल, तर बऱ्याच वेळा अमेरिकन नागरिकाला पासपोर्टही लागत नाही. जन्मदाखला आणि फोटोवालं सरकारी ओळखपत्र, झालं काम. त्यामुळे त्यांच्या यादीत कागदपत्रं शेवटी असणं साहजिक आहे. आपल्या निळ्या पासपोर्टला ती यादी जशीच्या तशी लागू होत नाही.

आता यातली खरी गोम. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी क्रूझ बघितलीत, तर ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन वगैरे अलास्कातल्या गावांनंतर बहुतेक वेळा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया नावाचं एक बंदर दिसेल. काही तासांचा थांबा असतो. हे गाव कॅनडात आहे. जहाज तिथे का जातं? १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यामुळे! पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट असं त्याचं नाव. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहू नयेत, असा त्याचा मथितार्थ. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून निघून अमेरिकेतलीच गावं दाखवून परत सिएटलला यायचं, तर मध्ये एका तरी परदेशी बंदराला थांबावं लागतं. म्हणून व्हिक्टोरिया.

आणि व्हिक्टोरिया म्हटल्यावर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा आलाच. "आम्ही तिथे उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू" हे चालत नाही. सिएटलच्या चेक-इन काउंटरवरच अडवतात. माझ्या एका जुन्या टीममेटच्या आई-वडिलांचं नेमकं हेच झालं. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, सगळे पैसे भरून झाले होते, बॅगांना टॅग लागले होते. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कॅनडाचा व्हिसा? मुलगा-सून जाऊ शकत होते, पण आई-वडिलांना धक्क्यावर सोडून कोण जाणार? चौघंही परत फिरली. एवढं होऊन काकू वर त्यालाच समजावत होत्या की "अरे जाऊ दे, मला तसंही बोट लागते". हा रनटाइम एरर आहे मंडळी. बुकिंग करताना वेबसाइट काही बोलत नाही, सगळं हिरवं दिसतं. क्रॅश होतं ते थेट धक्क्यावर.

म्हणून पहिली पायरी म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा बघणे. ग्रीन कार्ड असेल तर वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं, कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एच-वनवाल्यांना लागतो. आई-बाबांना लागतो. अर्ज ऑनलाइन करायचा, मग बायोमेट्रिक, मग पासपोर्ट पाठवायचा. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, म्हणजे दोघांचे ३७०. वेळ किती लागेल ते सिझनवर आहे, पण आठवडे धरूनच चाला. शक्यतो आई-बाबा भारतात असतानाच अर्ज करा. बँकेची कागदपत्रं, घराचे कागद, सगळं तिथेच कपाटात असतं.

परत अमेरिकेत शिरायचं आहे हेही विसरू नका. ज्यांच्या एच-वनचा स्टॅम्प संपलाय पण आय-९४ चालू आहे, त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनचा नियम आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येता येतं. पण त्याला अटी आहेत आणि कॅरिबियन बेटांना एच-वनवाल्यांसाठी तो लागू नाही. तेव्हा "मित्र बहामाला जाऊन आला, काही झालं नाही" या पुराव्यावर विसंबू नका. कंपनीच्या वकिलाला एक मेल टाका.

दुसरी पायरी : पैसे कसे भरायचे. क्रूझला आधी डिपॉझिट असतं आणि पूर्ण रक्कम साधारण तीन महिने आधी भरायची असते (कंपनीप्रमाणे हे मागे-पुढे होतं). डिपॉझिटचे दोन प्रकार असतात, परत मिळणारं आणि न मिळणारं. दुसरं थोडं स्वस्त पडतं, म्हणून आपला हात आपोआप तिकडे जातो. आई-बाबांचा व्हिसा यायचा असेल तर डोळे मिटून पहिलं घ्या. आणि घरात एक नियम करून टाका: पूर्ण पैसे भरायच्या तारखेपर्यंत कॅनडाचा व्हिसा हातात नसेल, तर बुकिंग रद्द. अजून एक फायदा म्हणजे या मधल्या काळात दर पडले तर बहुतेक कंपन्या नवा दर लावून देतात. मागावं मात्र आपणच लागतं. शनिवारी सकाळी चहा पिता पिता दोन मिनिटं दर बघायचा, बास.

तिसरी पायरी म्हणजे तारीख आणि मार्ग. सिझन साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. मे-जूनमध्ये त्या भागात पाऊस तुलनेने कमी असतो, सप्टेंबरमध्ये चांगलाच असतो. मे महिना स्वस्तही पडतो. मी तर मे सुचवेन. मार्ग बघताना ग्लेशियर बे आहे का ते बघा. या नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. बोट लागत असेल तर आणखी एक गोष्ट. सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. तिथे हलतं. व्हँकुव्हर शहरातून निघणारी आतल्या शांत पाण्यातून जातात. कॅनडाचा व्हिसा काढणारच आहात, तर काकूंसाठी व्हँकुव्हरचाही विचार करा.

आता केबिन. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, माझं मत सोपं आहे. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हलणं कमी जाणवतं. डेक प्लॅन उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. दोन्हीकडे खोल्याच असल्या तर उत्तम. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज ऐकू येतील. "गॅरंटी" केबिन स्वस्त असते, पण खोली कंपनी ठरवते, ती आई-बाबांसाठी नको. बाल्कनी घ्यावी का? अलास्कात घ्यावी, पण एकच. आई-बाबांना बाल्कनीची खोली आणि तुम्हाला समोरची बिनखिडकीची. चहाला सगळ्यांनी बाल्कनीत जमायचं. डावी बाजू की उजवी याची चिंता करू नका, हिमनदीसमोर जहाज गोल फिरवतात, दोन्हीकडून दिसतं.

विमान. एक दिवस आधी पोचा, यात तडजोड नाही. जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं. सिएटलला क्रूझचे दोन वेगळे धक्के आहेत, पियर ६६ आणि पियर ९१, टॅक्सीवाल्याला नीट सांगा. "चुकलं तर पुढच्या गावात पकडू" असं वाटत असेल तर पुन्हा तोच १८८६ चा कायदा आडवा येतो. ज्यूनोला चढून सिएटलला उतरलात, तर दोन अमेरिकन बंदरांमधला प्रवास झाला, आणि त्याला माणशी शेकडो डॉलर दंड आहे. कंपनी बहुधा चढूच देत नाही. शिवाय ज्यूनो ही राज्याची राजधानी असूनही तिथे बाहेरून रस्ताच जात नाही, विमान नाहीतर बोट. या सगळ्यापुढे एका रात्रीचं हॉटेल स्वस्त. परतीचं विमान दुपारी एकनंतरचं घ्या.

किनाऱ्यावरच्या ट्रिपा. जहाजाकडून घेतल्या तर महाग, पण बस अडकली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय तेच करतात. बाहेरून घेतल्या तर स्वस्त, पण उशीर झाला तर तुमचा तुम्ही. माझा निकष असा की जिथून चालत धक्क्यावर परत येता येतं तिथे पैसे वाचवा, जिथे येता येत नाही तिथे जहाजाची ट्रिप घ्या. केचिकनला क्रीक स्ट्रीट फुकटात पायी होते. (पण काही जहाजं गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर वॉर्ड कोव्हला लागतात, ते आधी बघा.) ज्यूनोचं मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथून नगेट धबधब्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर, आई-बाबांना जमण्यासारखी. स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे मात्र सोडू नका. सोन्याच्या शोधात निघालेल्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही गाडी बघून बाबांना माथेरानची आठवण होणारच. तिच्या काही फेऱ्या सीमा ओलांडून कॅनडात जातात, म्हणून पासपोर्ट खिशात हवा. आणि घड्याळ! अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. फोन काहीही दाखवो, जहाजाची वेळ तीच खरी.

आई-बाबांचा विमाही तपासा. इथला व्हिजिटर इन्शुरन्स समुद्रावर आणि कॅनडात चालतो का, हे लेखी विचारून घ्या. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, आणि हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर बिल विचारू नका.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप बिलात लागते, म्हणजे चौघांचे सात रात्रींचे पाचशेच्या आसपास. आपल्यातले काहीजण काउंटरवर जाऊन ती काढून घ्यायला सांगतात आणि वर ती युक्ती म्हणून इतरांनाही शिकवतात. मला हे अजिबात पटत नाही. जहाजावर गोव्याचा, मुंबईचा, कोकणातला कुणी ना कुणी भेटतोच. महिनोन्‌महिने घरापासून लांब असतो, आणि तुमची आई कांदा-लसूण खात नाही हे कळल्यावर तिच्यासाठी रोज संध्याकाळी वेगळं काहीतरी आणून ठेवतो. त्या टिपेत त्याचा पगार असतो. ती पहिल्या दिवशीच तिकिटाच्या किमतीत धरा आणि मग परवडतं का ते ठरवा.

असो. खूप झालं लेक्चर. जाहिरातीतला आकडा कुठे पळून जात नाही, पुढच्या आठवड्यात नवा येतो. आज घरी फोन कराल तेव्हा आईला एवढंच विचारा, "तुमचे पासपोर्ट कधी संपतायत गं?"