आधी पगार, मग किट

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या चर्चच्या हॉलमध्ये धान्याची किट भरली जात होती. पाच किलो तांदूळ, दोन किलो पीठ, एक किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहा पावडर आणि दोन साबण. आई तोंडाला ओढणी बांधून रोज सकाळी तिथे जायची आणि दुपारी थकून, पण समाधानाने परत यायची. लॉकडाऊनमध्ये लोक घरात बसून घाबरत होते, तेव्हा माझी आई गरिबांसाठी राबत होती. मला तिचा अभिमान वाटत होता. मी स्टेटसला फोटोही ठेवला होता.

त्याच महिन्यात आमच्याकडे भांडी, कपडे आणि लादी करणाऱ्या मावशींचा पगार आम्ही दिला नव्हता. वसईतल्या आमच्या गावाच्या वेशीवर बांबू आडवे बांधलेले, लोकल बंद, त्यामुळे नालासोपाऱ्याहून त्या येणार कशा? आणि काम नाही तर पगार कसला, असं घरात एका वाक्यात ठरलं. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. पुढे मे महिन्यात किटच्या यादीत आईनेच त्यांचं नाव घातलं आणि एक किट त्यांच्या चाळीपर्यंत पोचवायची सोय केली. मावशींनी फोन करून आभार मानले. आईचे डोळे पाणावले.

हिशोब करते. पगार महिन्याला तीन हजार. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, म्हणजे पंधरा हजार. किट होतं साधारण सातशे रुपयांचं. पंधरा हजार खिशात ठेवून आम्ही सातशे दिले आणि त्या सातशेचे आभार घेतले.

त्याच पाच महिन्यांत माझा पगार दर एक तारखेला पूर्ण जमा होत होता. माझं ऑफिसचं काम अर्ध्यावर आलं होतं. दुपारी मी वेबसिरीज बघत होते. बाबांची पेन्शन चालू होती. काम नाही तर पगार नाही हा नियम आमच्या घरात फक्त एकाच माणसाला लागू झाला, आणि ते माणूस आमच्यात सर्वांत गरीब होतं.

हे मी आईची बदनामी करायला लिहीत नाही. पगार द्यायला हवा हे मलाही सुचलं नव्हतं. मी लिहितेय ते यासाठी, की आम्ही कॅथलिक आहोत, आणि न सुचण्याची सबब आम्हाला चालत नाही. या एका विषयावर आमच्या चर्चने सव्वाशेहून जास्त वर्षं इतकं स्पष्ट लिहून ठेवलंय की दुसऱ्या कोणाला नसेल एवढी आम्हाला त्याची माहिती असायला हवी होती.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरम नोव्हारम' नावाचं जाहीर पत्र काढलं. युरोपात कारखाने वाढले होते, मजुरांचे हाल कुत्रं खाईना, आणि एकीकडे समाजवादी लोक खाजगी मालमत्ताच नको म्हणत होते. पोपना ते मान्य नव्हतं, मालमत्तेच्या बाजूने त्यांनी भरपूर लिहिलंय. पण त्याच पत्रात मजुरीबद्दल जो मुद्दा आहे तो वाचून मी हबकले. मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीने एक रक्कम ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली, असं नाही, असं ते म्हणतात. साधेपणाने जगणाऱ्या माणसाचं पोट भरेल एवढी तरी मजुरी असलीच पाहिजे. आणि गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने मजुराने कमी रक्कम मान्य केली असेल, तर त्याच्यावर जबरदस्ती झाली, अन्याय झाला, असंच समजायचं.

'पण ती स्वतःच तयार झाली ना एवढ्या पैशांवर!' हे वाक्य तुमच्या घरात कधी ऐकलंय? आमच्याकडे दर दिवाळीच्या सुमारास, पगारवाढीचा विषय निघाला की ऐकू येतं. १८९१ मध्येच त्याचं उत्तर देऊन झालंय.

पुढे १९३१ मध्ये पायस अकरावे यांनी आणखी एक गाठ सोडवली: न्यायाने जे देणं लागतं ते नाकारायचं आणि त्या जागी दानधर्म करायचा, हे चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच प्रापंचिक कॅथलिकांना सांगितलं. जे आधीच समोरच्याच्या हक्काचं आहे ते प्रेमाची भेट म्हणून देऊ नका. आधी न्यायाचं देणं फेडा. आमचं किट म्हणजे नेमकं हेच होतं. हक्काच्या पैशातला थोडा भाग, वर रिबीन लावून.

आणि २०२० चा ईस्टर. १२ एप्रिल. चर्च बंद, म्हणून आम्ही टीव्हीवर मिस्सा बघितली. त्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या लोकचळवळींना एक पत्र लिहिलं. ज्यांच्या कामाला कायद्याचं संरक्षण नाही, हातावर पोट आहे, अशांसाठी सर्वांना मिळेल अशा किमान वेतनाचा विचार करायची वेळ कदाचित आली आहे, असं त्यात होतं. मिस्सा आम्ही पूर्ण बघितली, गुडघेही टेकले. ते पत्र मी वाचलं दोन वर्षांनी, तेही योगायोगाने.

ही शिकवण मला कोणी दिलीच नाही. दहा वर्षं मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेले. दहा आज्ञा, सात संस्कार, जपमाळेची सगळी रहस्यं पाठ. लैंगिक पापांची यादी तर इतकी बारकाईने शिकवली की आजही झोपेत सांगेन. कामगाराची मजुरी बुडवणं हे ज्या पापांचा आक्रोश थेट स्वर्गात पोचतो अशा मोजक्या पापांपैकी एक आहे, हे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात लिहिलेलं आहे. ते मात्र कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. कुमसाराला गेल्यावर मी खोटं बोलले, आईला उलट बोलले, मिस्सा चुकवली असं आजवर सांगत आले. मावशींचा पगार थकवला असं कुमसारात सांगणारं कोणी असेल का? मला शंका आहे.

बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो सकाळी मजूर नेतो, दुपारी नेतो, अगदी संध्याकाळ व्हायला आली तरी बाजारात जातो. तिथे काही जण अजून उभे असतात. का उभे आहात, तर आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही म्हणून. शेवटी तासभर काम केलेल्यालाही तो पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. या गोष्टीवर मी किमान पंधरा प्रवचनं ऐकली असतील. प्रत्येक वेळी द्राक्षमळा म्हणजे स्वर्ग, मजुरी म्हणजे देवाची कृपा, उशिरा आलेले म्हणजे मरताना पश्चात्ताप करणारे पापी. चूक नाही, असाही अर्थ आहे. पण आमच्या स्टेशनच्या नाक्यावर रोज सकाळी बिगारी, गवंडी, रंगारी उभे असतात. दहा वाजता मी उशिराची ट्रेन पकडायला जाते तेव्हाही काही जण तिथेच असतात, डबा हातात घेऊन. ज्याला काम मिळालं नाही त्यालाही आज रात्री तेवढीच भूक लागणार, हे त्या मालकाला कळलं होतं. पंधरातल्या एकाही प्रवचनाने आम्हाला नाक्यापर्यंत नेलं नाही.

'चर्चमध्ये राजकारण नको' असं आमचे लोक म्हणतात. वसईत राहून हे म्हणायला धाडस लागतं. वसईची हिरवी जमीन आणि विहिरींचं पाणी वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते. हरित वसई संरक्षण समितीच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली. माझे बाबा आजही ते मोर्चे आठवून उजळतात. ते राजकारण नव्हतं? होतं, आणि आम्हाला ते हवं होतं, कारण जमीन आमची होती, विहीर आमची होती. न्याय जोपर्यंत बिल्डरकडून मागायचा होता तोपर्यंत तो धर्माचा भाग होता. तोच न्याय आमच्या वाडीत केळी काढणारी आदिवासी बाई आमच्याकडे मागेल, त्या दिवशी तो राजकारण होईल. फादर दिब्रिटोंबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो वाढतच जातो. पण त्यांच्या लढ्याच्या पुण्याईवर आमची पिढी किती वर्षं व्याज खाणार?

याहून जुनी एक गोष्ट आहे, ती मला जास्त टोचते. १९४५ मध्ये आमच्यापासून फार लांब नाही, तलासरी-डहाणूच्या भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचं, त्याला लग्नगडी म्हणत. ती पद्धत मोडली ती लाल बावट्याने. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' त्यावरच आहे. 'रेरम नोव्हारम' तेव्हा चोपन्न वर्षांचं झालं होतं. ज्या समाजवाद्यांवर पोपनी त्यात टीका केली, त्यांच्याच वारसांनी आमच्या शेजारी त्यातला मजुरीचा मुद्दा खरा करून दाखवला. हे कबूल करायला आम्हाला एवढं जड का जातं?

सगळंच काळं आहे असं नाही. सिस्टर जीन देवोस नावाच्या बेल्जियन ननने १९८५ मध्ये घरकामगारांची चळवळ आपल्या देशात सुरू केली. बायकांना एकत्र करणं, पगार, सुट्टी, ओळख मागणं हे काम ती चळवळ करत आली. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ मध्ये घरकामगारांचे हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार आला. भारताने बाजूने मतदान केलं आणि तो स्वतःवर बंधनकारक मात्र करून घेतला नाही. म्हणजे आमच्या आईसारखंच. हॉलमध्ये हात वर, घरात हिशोब बंद.

'आम्हालाच परवडत नाही' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. काही घरांत खरोखर परवडत नाही. एकटी म्हातारी बाई, पेन्शन तुटपुंजी, गुडघे गेलेले, ती कामवालीला किती देणार? तिच्यासाठी माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण मी त्या घराबद्दल बोलत नाही. आमच्या घराबद्दल बोलतेय, जिथे भावाच्या लग्नात बँडवाल्यांना दिलेली रक्कम मावशींच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती. आणि तुमच्याबद्दल, जे दहा मिनिटांत कोथिंबीर मागवता आणि तो मुलगा पावसात भिजत आला तर पाच तारे देऊन मोकळे होता. मीही तेच करते. टीप दिली की मला बरं वाटतं. त्याला अपघात झाला तर कोण बघणार, हा प्रश्न टीपेच्या बटणापाशी संपतो.

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडून आले आणि त्यांनी लिओ हे नाव घेतलं. का घेतलं ते त्यांनी स्वतः सांगितलं: मुख्यतः लिओ तेरावे आणि त्यांचं ते १८९१ चं पत्र. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पांढऱ्या धुराचे व्हिडिओ, फुलं, जोडलेले हात यांचा पूर आला. मी तिथे लिहिलं, की या नावाच्या निमित्ताने आपण एक साधं करूया का: घरकामाला येणाऱ्या बायांना आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, आणि आजारपणात पगार न कापणं, एवढं सगळ्या घरांनी मिळून ठरवूया. दोन अंगठे आले. एका काकांनी खाजगीत लिहिलं, 'बेटा, चांगला विचार आहे, पण हे ग्रुपवर नको. उद्या बायका डोक्यावर बसतील.' संध्याकाळपर्यंत ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या होत्या.

मावशींचे ते पंधरा हजार मी २०२२ मध्ये दिले. त्या म्हणाल्या, 'कशाचे गं बाळा?' मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील, मी आग्रह करेन, मग दोघींना बरं वाटेल. त्यांनी पैसे दोनदा मोजले, पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, 'तेव्हा मिळाले असते तर कानातलं मोडावं लागलं नसतं.' मग भांडी घासायला लागल्या.

आता रविवार उरलाय. 'रेरम नोव्हारम'मध्ये कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीबद्दलही लिहिलंय. आज्ञांमध्ये तर आहेच, आणि त्यात घरातल्या चाकरांचाही उल्लेख आहे. आमच्याकडे रविवारी मिस्सा, मग मटण, मग पाहुणे, आणि म्हणून भांडी सगळ्यात जास्त. अकरा वर्षं मावशी रविवारी आल्या. गेल्या महिन्यापासून मी त्यांना रविवारी येऊ नका म्हणून सांगितलंय. आई दोन रविवार माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रविवारी मोठं पातेलं सिंकमध्ये तसंच ठेवून म्हणाली, 'तुझ्या पोपला सांग घासायला.' ते मी घासलं. तळाशी मसाला करपला होता, काथ्याने निघेना.