तपासणी रक्ताची करा, वंशाची नको!

'रक्तातच फरक असतो' हे वाक्य कानावर आले की आम्ही सावध होतो. वर्ण, वंश आणि जातीची सगळी दुकानदारी याच वाक्यावर चालत आली आहे. परनिशियस ॲनिमिया या आजाराचा इतिहास तरुण मित्रांनी त्यासाठीच वाचायला हवा.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच जठरावर उलटते. जठरात तयार होणारे 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' हे प्रथिन कमी पडते आणि अन्नातले बी-१२ रक्तात शोषले जात नाही. १८४९ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी त्याचे वर्णन केले. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांनी रोग्याचा चेहराही ठरवून टाकला: उत्तर युरोपीय, गोरा, निळ्या डोळ्यांचा, वयस्क. १९२६ मध्ये यकृताच्या आहाराचा उपचार आला, १९४८ मध्ये बी-१२ वेगळे काढले गेले; तो चेहरा मात्र तसाच राहिला.

परिणाम काय झाला? काळ्या स्त्रीला हा आजार असेल अशी शंकाच घ्यायची नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून 'काळ्यांना हा आजार होत नाही' हा निष्कर्ष! ज्याला शोधलेच नाही, तो सापडणार कसा?

१९७८ मध्ये अमेरिकेत राल्फ कार्मेल आणि केज जॉन्सन यांनी दाखवून दिले की काळ्या स्त्रियांना हा आजार होतो, आणि तोही तुलनेने कमी वयात. १९९६ मध्ये कार्मेल यांनी साठी ओलांडलेल्या ७२९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. निदान न झालेला हा आजार काळ्या स्त्रियांत ४.३ टक्के आणि गोऱ्या स्त्रियांत ४.० टक्के आढळला. जुना समज तपासणीपुढे टिकला नाही.

कोणी म्हणेल, वयाचा फरक तर खराच ना? होय, आणि तो आम्ही नाकारत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत अल्फा थॅलेसेमियाही बराच आढळतो. तो असेल किंवा लोह कमी असेल, तर या आजाराची ओळख असलेल्या मोठ्या तांबड्या पेशी दिसतच नाहीत. अशा फरकांमुळे तपासणी वाढायला हवी. फरक सांगून तपासणीचे दार बंद करणे हा वंशवाद आहे. त्याची किंमत रोगी मोजतो: हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते. उपाय काय, तर बी-१२ ची इंजेक्शने!

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात म्हणजे वंशभेद हा दावा खोडून काढला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी वंशसिद्धांतवाल्यांचीच मोजमापे घेऊन तो सिद्धांत पाडला. आधी पुरावा, मग निष्कर्ष, ही आमची परंपरा आहे.

आपल्याकडे बी-१२ कमी म्हटले की शाकाहाराकडे बोट दाखवले जाते. पण मांस-मासे खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, कारण इथे बिघाड ताटात नसून जठरात असतो. तेव्हा वस्तीत आरोग्य शिबीर घ्याल तेव्हा केवळ लोहाच्या गोळ्या वाटून थांबू नका. थकवा आणि मुंग्या असतील तर बी-१२ ची तपासणी मागा. 'तुमच्या लोकांत हे नसते' असे कोणी म्हणाले, तर एकच विचारा: तपासून पाहिले का?

जय भीम!