अंध गायकाला शाल पुरे झाली

गेल्या नाताळात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबांनी भक्तिगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून माणसे जमली होती. काही मंडळी दौंडहून आली होती. शेवटचे गीत एका अंध तरुणाचे होते. शब्द त्याचे, चाल त्याची, पेटीही त्यानेच वाजवली. गीत संपले, ध्वनिक्षेपक आमच्या हाती आला आणि पंचवीस वर्षे प्रवचने देऊन सैल झालेल्या आमच्या जिभेने ठराविक वाक्य उच्चारले: देवाने याचे चर्मचक्षू घेतले, पण अंतःचक्षू दिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल, श्रीफळ आणि पाचशे एक रुपयांचे पाकीट असा सत्कारही झाला. व्यासपीठावरून उतरताना त्याचा हात आमच्या हातात होता. तो हळूच म्हणाला, "फादर, सगळे छान छान म्हणतात. पण गाणं कसं झालं, ते कुणीच सांगत नाही."

खरे सांगायचे तर त्या गीताचे ध्रुपद उत्तम होते आणि दुसऱ्या कडव्यात यमकासाठी शब्दांची ओढाताण झाली होती. डोळस गायक असता तर आम्ही ते त्याला तिथल्या तिथे सांगितले असते. तो अंध होता म्हणून आम्ही गीत ऐकलेच नाही, केवळ त्याचे अंधत्व ऐकले. हा लेख त्या एका वाक्याने लिहावयास लावला आहे, आणि त्याचा रोख सर्वप्रथम आमच्यावरच आहे.

अमेरिकेतील जिनी ओवेन्स ही गायिका-गीतकार आमच्या तरुण वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. तिचा जन्म 1975 साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे झाला. बालपणीच तिची दृष्टी गेली. नॅशव्हिल येथील बेलमाँट विद्यापीठातून तिने संगीत-शिक्षणाची पदवी उत्तम रीतीने मिळवली. तिला शाळेत मुलांना गाणे शिकवायचे होते. शाळाचालकांना मात्र प्रश्न पडला की अंध बाई वर्ग कसा आवरणार! नोकरी मिळेना. पुढे तिच्या गीतांना वाट सापडली, 1999 साली तिचा पहिला संग्रह निघाला, 2000 साली ख्रिस्ती संगीतासाठी दिल्या जाणाऱ्या डव्ह पुरस्कारांत ती वर्षातील सर्वोत्तम नवोदित कलावंत ठरली. 2021 साली पवित्र शास्त्रातील गीतांवर तिने 'सिंगिंग इन द डार्क' हे पुस्तकही लिहिले. आपल्याकडे ही हकिकत सांगितली जाते ती 'देवाने एक दार बंद केले, दुसरे उघडले' अशा थाटात. आम्ही विचारतो, पहिले दार देवाने बंद केले होते काय? ते माणसांनी बंद केले होते. कार्यालयात बसून, अर्ज वाचून, बहुधा सभ्य शब्दांत. माणसांनी लावलेल्या कड्यांचे खापर देवावर फोडणे ही आपली जुनी खोड आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच केले होते, पाप कोणाचे म्हणून विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला.

तिच्या आधीची एक थोर अंध गीतकार म्हणजे फॅनी क्रॉस्बी. जन्म 1820, मृत्यू 1915. जेमतेम दीड महिन्याची असताना डोळ्यांवर भलताच उपचार झाला आणि दृष्टी गेली, असे तिच्या घरचे मानत. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत ती शिकली आणि तेथेच शिक्षिका झाली. तिने आठ हजारांहून अधिक स्तोत्रे रचली. एका स्तोत्राचे मोल बहुधा एक-दोन डॉलर. हक्क प्रकाशकाचे. एकाच बाईची इतकी स्तोत्रे एका पुस्तकात कशी छापायची, म्हणून तिची गीते कितीतरी टोपणनावांखाली विखुरली गेली. ती स्वतः संतोषी होती, मिळाले त्यातून गरिबांना वाटत असे. पण तिचा संतोष हा प्रकाशकांचा पुण्यसंचय ठरत नाही. आमच्याकडे तर डॉलरचाही प्रश्न नाही. त्या तरुणाचे एक गीत आमच्या परिसरात तीन ठिकाणी मिस्सेत गायिले जाते. चक्रमुद्रित कागदावर खाली त्याचे नाव कोठेही नाही. "देवासाठीच लिहिलं ना?" असे एका गायनवृंदप्रमुखाने आम्हांला ऐकवले. त्यांचे मानधन मात्र दरमहा नियमित निघते.

हे परकीय प्रॉटेस्टंटांचे दाखले झाले, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्याच घरातले पाहा. लुई ब्रेल हा कॅथलिक, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. 1829 साली त्याने आपल्या बिंदुलिपीचे पुस्तक काढले. त्या पुस्तकाच्या नावातच शब्द आणि संगीत यांच्या जोडीला चर्चमधल्या उपासनेचे साधे गायनही आहे. म्हणजे ज्या लिपीने जगभरच्या अंधांना अक्षर दिले, ती जन्मतःच आपल्या उपासनासंगीताशी बांधलेली होती. त्याच पॅरिसमध्ये झां लांग्ले हा बालपणापासून अंध असलेला संगीतकार 1945 पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ सेंट क्लोटिल्ड चर्चचा ऑर्गनवादक होता. सेझार फ्रांकसारखा संगीतकार ज्या आसनावर बसत असे, त्या आसनावर. त्याने मिस्साविधीसाठी रचलेले संगीत आजही गायिले जाते. त्याला सणावारी शाल देण्यात आली नव्हती. त्याला जागा देण्यात आली होती.

आणि आपल्या तालुक्याचे काय? पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन केडगावात, म्हणजे आपल्याच दौंड तालुक्यात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथे अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवीत. मनोरमाबाईंनी ते काम हाती घेतले होते. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, हे खरे. पण दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी जे केले, ते आज रस्ता, वीज आणि मोबाइल असलेल्या आमच्या धर्मग्रामांना का जमू नये? आमच्या उपासनापुस्तकाची एकही ब्रेल प्रत आमच्याकडे नाही. तो तरुण मिस्सेतील प्रतिसाद ऐकून ऐकून पाठ करतो. नव्या रविवारचे स्तोत्र त्याला रविवारीच कळते.

कायद्याची अडचण पुढे केली जाते. ती नाही. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंगांना वाचता येईल अशा रूपात, नफा न घेता, पुस्तक तयार करण्याची मुभा मिळाली. 2013 साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2014 साली त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. खर्चाचे म्हणाल, तर नाताळातील मंडप आणि दिव्यांची रोषणाई यांचे बिल आम्ही स्वतः मंजूर केले आहे. त्या दिव्यांचा त्याला काय उपयोग झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

सेमिनरीत असताना कायद्याच्या तासाला आम्हांला शिकवले होते की 1917 च्या धर्मसंहितेनुसार शारीरिक व्यंग हे गुरुदीक्षेच्या आड येऊ शके. 1983 च्या संहितेत तो अडसर उरला नाही. वेदीजवळचा अडसर रोमने काढला. पेटीजवळचा आम्ही ठेवला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान द्यावे असे सांगितले, रचनाकारांना उत्तेजन द्यावे असेही सांगितले. रचनाकार डोळस असावा, अशी अट त्यात आम्हांला कोठे आढळली नाही.

यरीहोच्या वाटेवरच्या बार्तिमयाला जमावाने दटावले, गप्प राहा म्हणाले. आम्ही अधिक सुसंस्कृत. आम्ही म्हणतो, गा! आणि गाऊन झाल्यावर तो काही बोलू लागला की टाळ्या वाजवतो. प्रभू थांबला आणि त्याने बार्तिमयालाच विचारले की तुला काय हवे. आम्ही त्या तरुणाला हे विचारले, ते नाताळानंतर दोन महिन्यांनी. त्याच्याकडे उत्तर तयार होते. रविवारची स्तोत्रे गुरुवारपर्यंत मोबाइलवर वाचून पाठवावीत. उपासनापुस्तक ब्रेलमध्ये व्हावे. गीताखाली नाव असावे. आणि गायनवृंद शिकवण्याचे काम, इतरांना मिळते त्याच मानधनावर, वर्षभरासाठी देऊन पाहावे. "नाही जमलं तर काढून टाका, फादर. पण गाणं जमत नाही म्हणून काढा."

पहिल्या दोन गोष्टी आम्ही सुरू केल्या आहेत. नावाचा प्रश्न कागद नव्याने काढताना सुटेल. चौथी मागणी पॅरिश कौन्सिलपुढे आहे. मागील बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, मिस्सेत केव्हा सुरुवात करायची, ही वेदीवरची खूण त्याला कशी दिसणार? आम्ही त्यांना म्हटले, साहेब, आपले सध्याचे पेटीवादक वेदीकडे पाठ करून बसतात, त्यांनाही ती दिसत नाही. ते आमचा आवाज ऐकून सुरुवात करतात. यावर बैठक तहकूब झाली. पुढची बैठक येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर आहे.