दहिवर पडलं, आता पेर लांबवू नका

शरद ऋतू म्हटलं की पुस्तकातल्या चित्रात लाल-पिवळी पानं गळताना दिसतात. ती थंड मुलुखातली गोष्ट झाली. आपल्याकडं पानगळ होते ती शिशिरात. सोलापूर जिल्ह्यात पावसाळा सरतो तो गुपचूप, आणि ज्याचं लक्ष शिवारावर आहे त्यालाच ते कळतं.

पहाटे गवतावर दहिवर पडतं. बांधावरची कोळ्यांची जाळी भिजून पांढरी दिसतात. ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं. शेपटी हलवत धोबी पक्षी पाणवठ्यावर येतात. कुसळं धोतराला चिकटू लागतात. पश्चिमेचा वारा पडतो. दुपारी अंगाची काहिली होते, रात्र मात्र निवते.

शेतकरी बंधूंनी या खुणा नुसत्या पाहून सोडू नयेत. रात्रीचं आभाळ निरभ्र झालं की दहिवर पडतं. तेच निरभ्र आभाळ दिवसा रान तापवतं आणि वरच्या थरातली ओल उडवतं. जिरायत मालदांडीची सारी भिस्त साठलेल्या ओलीवर. तिची पेर साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात उरकावी लागते. वाफसा असताना ‘अजून एक पाऊस होऊ दे’ म्हणत थांबलं, तर बी कोरड्यात पडतं. उलट परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत अचानक येतो, तेव्हा कापलेलं सोयाबीन उघड्यावर टाकून गावाला जाऊ नये.

पूर्वी नक्षत्रावर भागायचं. आता तेवढ्यावर विसंबून चालत नाही. राजस्थानातून मान्सून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्यानंही 2020 साली 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबर केली. पावसाचा मुक्काम लांबला, हे खात्यानं कागदावर मान्य केलं. गावानंही आपला कागद करावा.

ग्रामपंचायतीनं एक साधी वही ठेवावी. पहिलं दहिवर कधी पडलं, वारा कधी फिरला, शेवटचा पाऊस कधी झाला, पेर कधी झाली, एवढंच त्यात लिहावं. मंडळातलं यंत्र पाऊस मोजतं, प्रत्येक शिवारातली ओल मोजत नाही. जुनी माणसं या खुणा तोंडी सांगत आली. ती आहेत तोवर विचारून घ्या, लिहून ठेवा. पाच-दहा वर्षांची वही जमली, की पेरणीची बैठक अंदाजावर नव्हे, गावच्या नोंदीवर होईल.