रिकामी बस हिरवी नसते

‘बसने प्रवास करा, प्रदूषण टाळा’ असे फलक तुम्ही वाचले असतील. हे फलक खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. ते कसे, हे थोड्या गणिताने पाहू.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि एक लिटर पेट्रोलपासून सुमारे २.३ किलोग्रॅम. इंधनापेक्षा वायूचे वजन जास्त कसे, असे वाटले ना? इंधनातील कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून. आता समजा, बस लिटरला ५ किलोमीटर धावते आणि मोटारसायकल ५० किलोमीटर. मग दर किलोमीटरला बस ५४० ग्रॅम वायू सोडते आणि मोटारसायकल ४६ ग्रॅम. बसमध्ये ४४ प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ ग्रॅम येतात. पण त्याच बसमध्ये ९ प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० ग्रॅम! म्हणजे एकट्या मोटारसायकलस्वारापेक्षाही जास्त. त्याची बरोबरी करायला बसमध्ये निदान १२ माणसे हवीत. आणि मोटारसायकलवर दोघे असतील, तर २४ हवीत.

तात्पर्य, बसचा हिरवेपणा तिच्या इंजिनात जितका आहे, त्याहून जास्त तिच्या भरलेल्या आसनांत आहे. विजेवरच्या बसलाही हाच नियम लागू पडतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. ती रस्त्यावर धूर सोडत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण आपल्या राज्यातील बरीचशी वीज अजून परळीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळूनच तयार होते. तेव्हा विजेची बस रिकामी पळाली तरी कोळसा वायाच जातो.

मग बस रिकामी का राहते? एक मोठे कारण म्हणजे ती कधी येईल याचा भरवसा नसतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या गावाच्या फाट्यावर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. बस गेली की यायची आहे, हे त्याला कळत नाही. तेवढ्यात काळी-पिवळी जीप येते आणि तो तिच्यात बसतो. पुढच्या वर्षी हप्त्यावर मोटारसायकल घेतो. बसचा एक प्रवासी कायमचा गेला.

इथेही गणित मोठे बोलके आहे. समजा, तासाला एक बस आहे आणि दर दहा मिनिटांनी एक माणूस फाट्यावर येतो. बस वेळेवर आली तर सरासरी अर्धा तास थांबावे लागेल. आता पहिली बस उशिरा सुटली. प्रत्येक थांब्यावर तिला जास्त माणसे मिळतात, त्यामुळे ती आणखी रेंगाळते. मागच्या बसला माणसे कमी, म्हणून ती जवळ येते. शेवटी दोन बसांमध्ये ११० मिनिटांचे आणि १० मिनिटांचे अंतर पडते. दोन तासांत आलेल्या १२ जणांपैकी ११ जण मोठ्या अंतरात सापडतात आणि सरासरी ५५ मिनिटे थांबतात. एकालाच सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. सगळ्यांची सरासरी काढा: जवळजवळ ५१ मिनिटे! बसा तेवढ्याच, डिझेल तेवढेच, पण ताटकळणे अर्ध्या तासावरून पाऊण तासाच्या पुढे गेले.

इथे संगणकाचे काम सुरू होते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्रायन फेरिस आणि केरी वॅटकिन्स या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी ‘वनबसअवे’ नावाचे सॉफ्टवेअर पुढे आणले. बस कुठे आहे ही माहिती तेथील बससेवेकडे होतीच. त्यांनी ती थांब्यावरच्या माणसापर्यंत पोचवली. तीही केवळ महागड्या मोबाइलवर नव्हे, तर साध्या फोनवर आवाजात आणि लघुसंदेशातूनही. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, माहिती नसलेल्या प्रवाशांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबलो असे वाटते. माहिती मिळणाऱ्यांना तसे वाटत नाही. शिवाय ते खरोखरच कमी वेळ थांबतात, कारण वेळ पाहूनच घरून निघतात.

असे काम आपल्याकडे का होऊ नये? नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावाच लागतो. ते गुण मिळवतीलच. पण त्या प्रकल्पाने एक तरी माणूस बसमध्ये चढला का, हीही त्याची कसोटी असावी, असे माझे मत आहे.

या कसोटीला उतरायचे तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली, सुरुवात पडद्यावर न करता फाट्यावर करावी. ‘आज तुम्ही इतके ग्रॅम कार्बन वाचवला’ असे सांगून प्रवाशाला हिरवी पाने बक्षीस देणारे सॉफ्टवेअर दिसायला गोड असते. पण तासभर उन्हात उभ्या असलेल्या आजींना पाने नकोत, बस हवी आहे. दुसरी, माहिती मोबाइल नसलेल्यालाही मिळावी. शाळेच्या फळ्यावर किंवा पानटपरीवरच्या पाटीवर रोज लिहिलेली वेळ हाही त्या सॉफ्टवेअरचाच भाग समजावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तोंडी परीक्षा झाली की प्रकल्प कपाटात जातो आणि पुढची तुकडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. यावर उपाय आहे. २००५ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल कंपनी यांनी वेळापत्रक लिहिण्याची एक सामायिक पद्धत ठरवली. थांबे, फेऱ्या आणि वेळा साध्या मजकुराच्या फायलींत, स्वल्पविराम देऊन लिहायच्या, एवढेच. नववीतला विद्यार्थीही ती फाइल वाचू शकेल. अशा रीतीने लिहिलेली माहिती कुणाचेही सॉफ्टवेअर वापरू शकते. दिल्लीत २०१८ पासून बसची माहिती सर्वांना खुली झाली, त्या कामात तेथील आयआयआयटी ही शिक्षणसंस्थाच होती. वनबसअवेची आज्ञावलीही खुली होती, म्हणून न्यूयॉर्कसारख्या शहराने ती आपल्या बससाठी वापरली. विद्यार्थी गेले, काम राहिले.

कुणी म्हणेल, ‘गाड्याच कमी आहेत, सॉफ्टवेअरने का गाड्या वाढणार?’ आक्षेप खरा आहे. संगणक बस जन्माला घालत नाही. पण कोणत्या फेरीला ६० माणसे लोंबकळतात, कोणती ९ माणसे घेऊन जाते आणि कोणती महिन्यातून किती वेळा रद्द होते, याची रोजची नोंद आगारप्रमुखांसमोर ठेवली, तर तक्रारीला पुराव्याचे बळ येते. आहे त्याच गाड्या योग्य वेळी सोडता येतात.

आणि प्रश्न केवळ कार्बनचा नाही. ग्रामीण भागातील मुलींना अहल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. पण दिवसाला दोनच फेऱ्या असलेल्या गावात सकाळची बस आली नाही, तर तो पास दप्तरातच राहतो आणि त्या दिवसाची शाळा बुडते. असे दिवस वाढले की घरात शाळा सोडण्याची भाषा सुरू होते. बस येणार की नाही हे आदल्या रात्री कळले, तरी शेजारच्या गावापर्यंत सोडायची सोय करता येते.

सॉफ्टवेअर मोठी मुले लिहितील. तुम्ही त्याला लागणारी माहिती आजपासून गोळा करू शकता. चार-पाच जणांचा गट करा. वहीत पाच रकाने आखा: तारीख, फेरी, ठरलेली वेळ, आलेली वेळ, बसमधील अंदाजे प्रवासी. महिनाभर नोंद ठेवा, गणिताच्या सरांकडून किंवा बाईंकडून सरासरी तपासून घ्या आणि एक प्रत स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकांना नेऊन दाखवा. शिक्षकांनीही विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या शेजारी या वहीला जागा द्यावी.