सैल ठेवलेला ब्रेक

गेल्या महिन्यात मी माझ्या अकरा वर्षं जुन्या शंभर सीसीच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतला. खर्च सात हजारांच्या आत आला. गाडी विकायला काढली तर वीस हजार मिळतील की नाही शंका, त्यामुळे मोहल्ल्यात माझ्या अकलेवर बरीच चर्चा झाली. एवढ्या पैशात दोन्ही टायर आणि बॅटरी नवीन आली असती, असं एकाने हिशेब करून सांगितलं. अब्बांनी हिशेब केला नाही. त्यांनी फक्त पुढच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "अगला ब्रेक नक्को पकड रे, मुंडी पे गिरता."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्हीही ऐकलं असेल, भाषा वेगळी असेल एवढंच. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, म्हणून पायातलाच ब्रेक वापरायचा. चाळीसच्या वेगाने बाजारातून घरी येण्याएवढंच काम असेल तर त्यावर निभतं. अब्बांचं आयुष्यभर निभलं.

माझ्या चुलत भावाचं निभलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो मलकापूरहून आंबा घाटाच्या दिशेने निघाला होता. वळणावर म्हैस आडवी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा डांबरावर टायर घासल्याचा लांबलचक काळा पट्टा होता, शेवटी वाकडा होत गेलेला. तो मागच्या चाकाचा होता. पाय त्याने जीव खाऊन दाबला होता. हाताचा ब्रेक दाबला का, हे विचारल्यावर तो नुसता बघत राहिला. मांडीत सळई आहे, अजून जिना चढताना कठड्याला धरतो. घरी भेटायला आलेला प्रत्येक जण तकदीर म्हणून गेला. मी गाडी गॅरेजमध्ये पोचवायला गेलो, तर पुढचा लिव्हर हँडलच्या मुठीला टेकेपर्यंत रिकामा येत होता. केबल इतकी सैल, की ब्रेक असून नसल्यासारखा.

मी मिस्त्रींवर चिडलो. सर्व्हिसिंग त्यांनीच केलं होतं. त्यांनी शांतपणे हात पुसले आणि सांगितलं, "भाई, मी घट्ट करून देतो. गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येतंय. म्हणतंय, पुढचा लई पकडतोय, सैल करा. तुमच्या भावानं पण तेच सांगितलं होतं."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गाडी थांबताना काय होतं हे आपल्याला कुणी शिकवत नाही. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं. पुढचं चाक रस्त्याला दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही आवळा, ते लॉक होऊन घसरत जातं, रस्ता धरत नाही. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या ब्रेकने थांबायला, दोन्ही नीट वापरून लागतं त्याच्या दुपटीच्या आसपास अंतर लागतं. म्हशीपर्यंत पोचायला तेवढं पुरतं.

मग माणसं तोंडावर पडतात ते खोटं का? खोटं नाही. हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा खडीवर, घाबरून एकदम लिव्हर ओढला तर पुढचं चाक सरकतं आणि माणूस आडवा होतो. पण यावर उपाय हात शिकवणं हा आहे. गाडी सरळ, दोन बोटं, आधी हलका दाब, वजन पुढे आल्यावर वाढवत नेलेला. रिकाम्या मैदानात अर्धा तास पुरतो. आपण तो अर्धा तास दिला नाही आणि केबल सैल करून घेतली.

ड्रम ब्रेक वाईट असतो असं मी म्हणत नाही. लायनर चांगले, केबल नवी, कॅमला ग्रीस असेल तर शहरात तो पुरेसा आहे, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने दोन-तीनशे रुपयांत आधी एवढंच करावं. अडचण घाटात येते. ड्रम बंद डब्यासारखा असतो, उतारावर सारखा दाबला की आत उष्णता कोंडते आणि पकड कमी होत जाते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, पाण्यातून गेली तरी लगेच कोरडी होते. शिवाय तेलाच्या दाबावर चालत असल्याने किती दाबलं ते बोटांना कळतं. मला तोच फरक सगळ्यात मोठा वाटला.

बसवताना मात्र जुगाड नको. फोर्कला पट्टी वेल्डिंग करून कॅलिपर अडकवून देणारेही आहेत, त्यांच्या दारात जाऊ नये. मी त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचा पुढचा भाग जुन्या बाजारातून घेतला: कॅलिपरची जागा असलेला फोर्क, हब, डिस्क. मास्टर सिलेंडर, होज आणि पॅड नवीन. पाइपातली हवा मिस्त्रींनी दोनदा काढली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाला बाधा आणणारे बदल करू देत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं. आणि टायर गुळगुळीत असेल तर पैसे आधी टायरला. थांबवतो शेवटी टायरच.

आता खरी तक्रार. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना नियम आला: १२५ सीसीच्या वर एबीएस, त्याखाली एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडणी चालेल. काही नसण्यापेक्षा हे चांगलंच. पण रेघ इंजिनाच्या आकारावर ओढली, म्हणजे खिशावर ओढली. शंभर सीसीच्या गाडीवर कोण बसतं ते आपल्याला माहीत आहे. दुधाच्या किटल्या, पावाचे क्रेट, टाकीवर एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर. सगळ्यात जास्त ओझं त्या गाडीवर, आणि तिथेच डिस्क म्हणजे महागडा व्हेरियंट, अलॉय व्हील आणि स्टिकरच्या रांगेत ठेवलेला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. एवढं माहीत असताना थांबण्याची सोय पर्याय म्हणून विकली जाऊ नये, असं मला वाटतं. सीट कव्हर हा पर्याय आहे.

आपल्या पोरांनाही सोडता येत नाही. सायलेन्सर बदलायला पाच हजार असतात, ईदला गाडीला नवा रंग असतो. पुढचा लायनर कधी बदलला विचारा, बघत राहतील.

मागच्या रविवारी अब्बांना ईदगाहच्या मैदानात नेलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शिकवायला जाणं अवघड, तरी त्यांनी चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला दोन बोटं लिव्हरवर आली, गाडी पुढून जराशी वाकली आणि चुन्याच्या रेषेच्या बरीच अलीकडे उभी राहिली. अब्बांनी रेषेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागचा पण दाबला होता मी," ते म्हणाले.