"आपलीच माणसं आहेत" हे उपविधीत लिहिलेलं नसतं



घर बघायला गेलं की आपल्या बायका तीन प्रश्न विचारतात. मंदिर किती लांब, बिल्डिंगमध्ये आपली घरं किती, आणि सगळे शाकाहारी ना? एजंट तिन्हींना हसून हो म्हणतो. त्याचं काय जातं? सोसायटीचे उपविधी मात्र कुणी मागत नाही. ते कागद म्हणे पुरुषांनी बघायचे, आणि पुरुष बघतात फक्त कर्जाचे. नियम येऊन धडकतात ते आपल्या स्वयंपाकघरावर.

"शाकाहारी सोसायटी" हेच घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या सरकारचे आदर्श उपविधी थोड्याफार फरकाने स्वीकारतात, आणि कुणाच्या ताटात काय असावं यावर त्यात काही नाही. कमिटीत आज आपले पाच जण आहेत म्हणून चालतं. दोन फ्लॅट विकले गेले, निवडणूक झाली, की संपलं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासद पारशीच असावेत हा नियम मान्य केला. तो उपविधीत लेखी होता. जिन्यात ठरलेलं कोर्टात नेता येत नाही. आणि कडू वाटलं तरी बोलते: लेखी काही नसताना शेजारणीने मासे तळले म्हणून तिला टोमणे मारायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तिनेही पैसे मोजूनच घर घेतलंय. अहिंसेत वाणीही येते ना?

उलट जे खरंच आपल्याला टोचणार, ते कुणी विचारत नाही. पेस्ट कंट्रोल प्रत्येक फ्लॅटमध्ये सक्तीचं आहे का? गच्चीखालचं मधमाश्यांचं पोळं कोण काढतं, धूर करून की कसं? जुनी विहीर असेल तर चौक्यासाठी पाणी काढू देतात का? महाराज लिफ्टने येत नाहीत, जिन्याने येतात, मागे पंचवीस-तीस श्रावक, दारात चपलांचा ढीग. ओळखीच्या एका कुटुंबाने चातुर्मासात चौका लावला, तर गेटजवळ पडगाहनाला उभं राहायलाच कमिटीने हरकत घेतली. सामाईक जागेत कार्यक्रमाला लेखी परवानगी हवी, असा नियम दाखवला. कमिटीला दोष देत बसले सगळे. पण नियम त्यांनी घर घेण्याआधीपासूनचा होता!

पैशाचं थोडक्यात. थकलेल्या मेंटेनन्सवर आदर्श उपविधींनुसार वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर मागता येत नाही. वरची रक्कम "बिल्डिंगला देणगी" म्हणून मागतात, त्याला दान समजून पुण्य जोडायला जाऊ नका. पुण्यात बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथे घोषणापत्र मागायचं.

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून उपविधी आणि गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं घ्या. सहकारी संस्था कायद्याखाली तो हक्क सभासदाला आहे, तुम्हाला अजून नाही. म्हणून मागायचं त्याच्यामार्फतच. इतिवृत्तात पोळ्याचा, पाखरांच्या दाण्याचा, जिन्यातल्या चपलांचा विषय निघालाय का, ते स्वतः बसून वाचा. यजमानांना चहा करायला सांगा तोवर.